त्सिंत्सुन्त्सानच्या रात्रीला निघण्याआधी

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. १ नोव्हेंबरची संध्याकाळ ते २ तारखेची पहाट, ही ती गेलेल्या माणसांच्या आठवणीची रात्र. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात, पात्स्कुआरो तलावाच्या काठावर त्सिंत्सुन्त्सान हे छोटं गाव आहे. त्या रात्री इथले पुरेपेचा लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींजवळ मेणबत्त्या लावून जागतात. खोली काही महिने आधीच ठरवा. गावात नाही मिळाली तर पात्स्कुआरो शहरात बघा, आणि रात्रीच्या जाण्यायेण्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणाहूनच ओळखीचा गाडीवाला सांगून ठेवा. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी नियम एकदा पाहून घ्या. राज्यातल्या सुरक्षिततेच्या सूचनाही वाचा आणि मोरेलियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, दिवसाउजेडी उतराल असंच तिकीट काढा.

गरम कपडे हवेतच. तलाव २,००० मीटरहून उंचावर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही बराच वर, आणि मध्यरात्रीनंतर पाण्यावरून येणारा गारठा हाडांत शिरतो. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे घ्या. जमिनीवर मेण, माती आणि फुलं असतात, तेव्हा बूट घसरणारे नकोत. सुटे पेसो खिशात ठेवा.

दुपारी याकाता बघून या. तलावाकडे तोंड केलेले हे पाच दगडी चौथरे, एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी. स्पॅनिश आले तेव्हा पुरेपेचांची राजधानी इथेच होती, आणि शेजारच्या बलाढ्य अझ्टेक साम्राज्याला हे राज्य कधीच जिंकता आलं नाही. पुरेपेचा भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी सिद्ध झालेलं नातं नाही. गावाच्या नावाचा अर्थ हमिंगबर्डची जागा. खाली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या भिंतींत याकातांचेच कोरीव दगड बसवलेले दिसतात. ते शोधायला अर्धा तास राखून ठेवाच.

संध्याकाळी पोटभर जेवून घ्या. मक्याच्या हिरव्या पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे कोरुंदा आणि आतोले हे मक्याचं गरम, दाटसर पेय मिळतं. मांसाहार करत नसाल तर "सिन मान्तेका?" (चरबीशिवाय?) असं विचारायला शिका, कारण कोरुंदांत बहुधा डुकराची चरबी असते. कोवळ्या मक्याच्या गोडसर उचेपोंबद्दलही विचारूनच खा.

आता सर्वांत महत्त्वाचं. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बाजारातून सेम्पासूचिलची जुडी आणि दोन मेणबत्त्या घ्या. सेम्पासूचिल म्हणजे झेंडूच. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण बांधतो ते फूल मूळचं याच देशातलं. तिथे कबरीवर आणि कमानींवर ते इतकं असतं की थोडा वेळ बसलात तरी बोटांना तोच वास राहतो, घरी हार गुंफताना येतो तो. मला त्या वासानेच तिथे परकं वाटू दिलं नाही.

कबरीपाशी जाताना "बुएनास नोचेस" (शुभ रात्री) म्हणा, वाट काढताना "कॉन पेर्मिसो" (जरा जाऊ द्या). दोन कबरींमधून चालताना पाय पाकळ्यांवर पडू देऊ नका, त्या मुद्दाम मांडलेल्या असतात. फोटो हवा असेल तर विचारा. नकार आला तर कॅमेरा पिशवीत. फ्लॅश मुळीच नको, टॉर्च पायाशी धरा. रिकाम्या दिसणाऱ्या कबरीवरही टेकू नका, घरचे उशिरा येतात. कुणी शेजारी बसायला सांगितलं तर बसा, आतोलेचा पेला दोन्ही हातांनी घ्या आणि पुरेपेचात "दिओस मेयामु" म्हणून आभार माना. गेलेल्या माणसाचं नाव विचारलंत तर त्यांना बरं वाटतं. आपल्याही कुणाची आठवण आली तर आणलेली दुसरी मेणबत्ती त्यांना विचारून तिथेच लावा.