डिपर मंद पडतोय? बल्ब बदलण्याआधी मीटर लावा

चिपळूणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पावसाळा तोंडावर आला की गिऱ्हाईक बोनेट उघडायच्या आधीच सांगतं, "लाइट कमी पडतेय, जास्त वॅटचा बल्ब टाका." मी तो टाकत नाही. का टाकत नाही आणि त्याऐवजी काय तपासायचं, ते इथे लिहितोय. यातलं निम्मं काम तुम्ही घरच्या अंगणात करू शकता.

गेल्या जूनमध्ये एक शिक्षिका आल्या. त्यांची शाळा पाटणच्या बाजूला, रोज कुंभार्ली घाट. म्हणाल्या, "दादा, संध्याकाळी घाट उतरताना पुढचं वळण दिसतच नाही हो. दोनदा बल्ब बदलले." गाडी २०१५ सालची, सेकंडहँड घेतलेली. मी आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ही गाडी बुडाली होती, आणि विकणाऱ्याने ते बाईंना सांगितलं नव्हतं.

इंजिन चालू ठेवून, डिपर (हेडलाइटचा खाली, जवळ पडणारा उजेड) लावून बॅटरीवर मीटर धरला: १४.१ व्होल्ट. डाव्या बल्बच्या पिनांवर धरला: १२.० व्होल्ट. दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. बाईंच्या गाडीत तर १५ टक्के गेलं होतं, म्हणजे उजेड जेमतेम साठ टक्के उरला होता. अशा गाडीत कितीही महागडा बल्ब टाका, तोही उपाशीच जळणार.

आता ही मोजणी तुम्ही कशी करायची ते सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, डिपर लावलेला. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बच्या डिपरच्या पिनवर, कपलरच्या (बल्बला जोडलेल्या वायरच्या प्लगच्या) मागून सुई सरकवून लावा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत जातंय. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनवर लावा. हा अर्थिंगमधला तोटा. दोन्हीकडे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर वायरिंग ठीक समजा. एक गोष्ट मात्र विसरू नका. कपलर बल्बला लागलेला असतानाच मोजायचं. कपलर काढून मोजलंत तर करंटच वाहत नाही, मीटर तोटा शून्य दाखवतो आणि माणूस फसतो. रेडिएटरच्या पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो.

बाईंच्या गाडीत प्लसकडे फक्त ०.३ व्होल्ट जात होते. बाकी सगळा तोटा अर्थिंगमध्ये. डाव्या दिव्याखाली बॉडीला बोल्टने कसलेला लग (अर्थच्या वायरच्या टोकाची धातूची कडी) होता, त्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि खाली गंज. बॅटरीचा मायनस सोडवला, बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवा लग दाबून बसवला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं: १३.७ व्होल्ट. समोरच्या भिंतीवर डाव्या दिव्याचा पिवळट डाग होता, तो पांढरा झाला. बाई नुसत्या बघत राहिल्या. बल्ब तोच होता.

तोटा प्लसकडे असला तर कपलर काळा पडलाय का, होल्डर वितळलाय का ते बघा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. तिथे फ्यूजसकट रिले किट (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारी पेटी) बसवली की बॅटरीतून सरळ जाड वायरने वीज मिळते. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायला कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.

जास्त वॅटच्या बल्बबद्दलही बोलतो. एच-फोर जातीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अपरला ६० आणि डिपरला ५५, डिपरला एका बल्बमागे चार-साडेचार अँपिअर ओढतो. १००/९० चा टाकला की डिपरलाच ते सात अँपिअर होतात, वायर आणि स्विच तेच. मी वितळलेले होल्डर डब्यात जपून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब खोचणं त्याहून वाईट. आतला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम जरा हलला की किरण विस्कटतात. तुम्हाला वाटतं लख्ख झालं, आणि परशुराम घाटात समोरून येणारा मोटरसायकलवाला क्षणभर आंधळा होतो. माझ्या हातून हे काम होणार नाही.

व्होल्टेज ठीक आहे आणि तरी उजेड कमी? मग पुढच्या गोष्टी बघा. दिव्याची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, उन्हाने ती पिवळी पडते. टूथपेस्टने घासलं तर काही आठवडे बरं दिसतं, मग परत तेच. ८००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने पाण्यात भिजवून फिरवायचा, पॉलिश करायचं आणि वर यूव्हीपासून वाचवणारा क्लिअर कोट मारायचा. हा कोट चुकवलात तर सगळी मेहनत वाया. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र घासून काही होत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो. बल्बची चकती खाचेत नीट बसली नसेल तर उजेड आभाळात जातो, हेही वरचेवर दिसतं. नवा हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नका.

मग दिव्यांचा रोख. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा, चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवलेला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजे १ टक्का उतार. तुमच्या दिव्यावर वेगळा टक्का छापलेला असेल तर तो धरा. आपल्याकडे डाव्या बाजूला ही कड थोडी वर चढते, ती चूक नव्हे. आणि डॅशबोर्डवरचं दिव्यांचा रोख खालीवर करणारं ० ते ३ चं चाक बघा! मागे सामान भरलं म्हणून ३ वर नेलेलं असतं आणि महिनोनमहिने तिथेच राहतं. एकट्याने चालवताना ते ० वर हवं.

इतकं सगळं बरोबर निघूनही साठीच्या एका काकांना दिसत नव्हतं. त्यांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोतीबिंदू निघाला.

आता वेगळी गोष्ट. गाडी नवी आहे, दिवे कंपनीचेच एलईडी आहेत, हात लावायला बल्बच नाही, आणि पहिल्या दिवसापासून उजेड अपुरा आहे किंवा दिव्यात पाणी साचतं. हे तुमच्या वापराचं झिजणं नाही, हा दोष आहे. ब्रेक दाबूनही मागचा दिवा न लागणं, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, पेट्रोलचा वास, सीटबेल्ट लॉक न होणं, हेही त्यातच मोजा. सर्व्हिस सेंटरला नुसतं तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कधी, किती किलोमीटरला, काय झालं. "कस्टमर सॅटिस्फॅक्शन चेक" असं लिहिलं तर सही करू नका. भिंतीवरच्या उजेडाचा फोटो आणि मीटरचा आकडा जोडा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०अ हे कलम आलं. गाडीतल्या दोषाने चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर सरकार कंपनीला गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायला, म्हणजे रिकॉल करायला, सांगू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. मालकांच्या तक्रारींची ठरावीक संख्या भरली की हे चाक फिरतं, म्हणून सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या जागी आपली तक्रार स्वतः नोंदवा. दुसऱ्या कोणी केली असेल असं धरून बसलात तर आकडा भरणारच नाही. शिवाय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं.

जुनी गाडी घेतली असेल तर तिचा १७ अक्षरी चासी नंबर आज रात्रीच कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर टाकून बघा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला रसायनाचा भरणा उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचा आणि बॅग फुगताना धातूचे तुकडे उडायचे. त्या एअरबॅग भारतातल्या गाड्यांतूनही बदलाव्या लागल्या. उष्ण आणि दमट म्हणजे आपली कोकणाची हवाच. रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते, पण पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. बाईंनी माझ्यासमोरच मोबाइलवर नंबर टाकला. त्यांच्या गाडीवर काही थकीत नव्हतं. मग उजव्या दिव्याचा लगही घासून घेतला आणि अंधार पडायची वाट बघत चहा प्यायलो, कारण रोख भिंतीवर बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.