एमजीबीमध्ये रोव्हर व्ही-८ बसवताना लागणारे भाग स्वतः कसे घडवावेत

एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे मूळ इंजिन १७९८ सीसीचे, ओतीव लोखंडाचे, चार सिलिंडरचे. या गाडीत रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ बसवण्याची कल्पना जुनी आहे. केन कॉस्टेलो यांनी आधी अशा गाड्या बनवून विकल्या, त्यानंतर खुद्द कारखान्याने १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ हे मॉडेल काढले आणि त्याच्या २,५९१ गाड्या तयार केल्या. हे इंजिन मुळात ब्युइकचे, आणि त्याचे हक्क रोव्हरने जनरल मोटर्सकडून १९६५ मध्ये घेतले. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन मूळ इंजिनाच्या आसपासच राहते आणि गाडीचे नाक जड होत नाही. या बदलासाठी हीच जोडी निवडावी असे मी सुचवतो, त्याचे मुख्य कारण हे वजन आहे.

वेल्डिंग आणि कानसकाम मी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये शिकलो आणि गेली अनेक वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात घराशेजारच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांवर काम करतो. तयार किट विकत मिळतात, परंतु पन्नास वर्षे जुन्या, दोन-चारदा ठोकून सरळ केलेल्या बॉडीत ती जशीच्या तशी क्वचितच बसतात. म्हणून माउंट (इंजिन गाडीत धरून ठेवणारे आधार), गिअरबॉक्सचा आडवा पट्टा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) गाडीवरच माप घेऊन घडवणे मला अधिक खात्रीचे वाटते. त्यात एक गोष्ट कधीही उलटी होऊ देऊ नये, ती म्हणजे आधी इंजिनाची जागा ठरते आणि मग भाग ठरतात. हाती आलेले ब्रॅकेट बसावे म्हणून इंजिन इकडेतिकडे सरकवले, की त्याची किंमत पुढे स्टिअरिंग, रेडिएटर आणि प्रॉप शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या अ‍ॅक्सलकडे नेणारा दांडा) अशा तीन ठिकाणी मोजावी लागते.

सुरुवातीला आपली बॉडी कोणत्या काळातली आहे हे पाहावे. १९७४ च्या अखेरीपासून रबरी बंपर आलेल्या गाड्यांची इंजिनाची जागा कारखान्याने व्ही-८ शी जुळती केली होती, त्यामुळे त्यांत कापाकापी कमी लागते. त्याआधीच्या क्रोम बंपरच्या गाड्यांत मॅनिफोल्डसाठी आतल्या पत्र्याला आकार द्यावा लागतो आणि रेडिएटर पुढे न्यावा लागतो. गिअरबॉक्स रोव्हर एसडी-१ या गाडीचा, पाच गिअरचा घेतला तर तो मूळचाच या इंजिनाचा असल्याने मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवावी लागत नाही. ही मोठी सोय आहे, कारण अशा प्लेटचे केंद्र क्रँकशाफ्टच्या केंद्राशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या अचूकतेने जुळावे लागते आणि ते घरच्या ड्रिलने साधत नाही.

जागा ठरवण्यासाठी चालू इंजिन वापरू नये. क्रँक, पिस्टन काढलेला रिकामा ब्लॉक, हेड, कार्बुरेटरखालचा इनटेक मॅनिफोल्ड, कार्बुरेटर आणि गिअरबॉक्सचे रिकामे कवच एकत्र जोडावे, कारण ते दोघांना सहज हलवता येते. गाडी सपाट जमिनीवर, सस्पेन्शनवर पूर्ण भार असताना जेवढी उंच राहते तेवढ्याच उंचीवर ठेवावी आणि चारही बाजूंनी पाणसळ लावून खात्री करावी. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या डाव्या-उजव्या जुळ्या बिंदूंवरून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा कराव्यात, त्यांचे मध्य काढून खडूच्या दोरीने गाडीची मध्यरेषा उमटवावी. मग ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर टेकवून हलवत राहावे. संप (इंजिनाच्या तळाची तेलाची पेटी) आणि सस्पेन्शनची पुढची आडवी तुळई (क्रॉसमेंबर) यांच्यात १२ ते १५ मिमी, पुढची पुली आणि रेडिएटर यांच्यात किमान २५ मिमी, कार्बुरेटर आणि बंद बॉनेट यांच्यात २० मिमी एवढी मोकळी जागा ठेवावी. इंजिन मागच्या बाजूला सुमारे ३ अंश खाली झुकलेले असावे. स्टिअरिंगचा दांडा आणि उजव्या बाजूचा मॅनिफोल्ड यांची जवळीक ही या गाडीतली सर्वांत अवघड बाब आहे, म्हणून स्टिअरिंग जोडलेले ठेवूनच जागा ठरवावी आणि दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा.

रबरी माउंट मात्र नवेच वापरावेत. माझ्या पहिल्या कामात मी जुने, दबलेले रबर वापरून सर्व मापे घेतली आणि ब्रॅकेट पक्के वेल्ड केले. नंतर नवे रबर बसवल्यावर इंजिन ६ मिमी वर उचलले गेले आणि कार्बुरेटरच्या उंच घुमटावर बॉनेट टेकू लागले. दोन्ही ब्रॅकेट कापून पुन्हा करावे लागले आणि तीन आठवड्यांचे काम वाया गेले. नवे रबरही पूर्ण इंजिनाच्या वजनाखाली थोडे दबते, म्हणून रिकाम्या ब्लॉकवर वाळूच्या पिशव्या ठेवून खऱ्या इंजिनाएवढा भार द्यावा आणि मगच अंतिम माप घ्यावे.

आता माउंटचे ब्रॅकेट. ब्लॉकवरच्या बोल्टच्या भोकांचा ठसा घेण्याची साधी रीत अशी, की त्या जागी जाडसर कागद धरावा, बोटाला थोडे काळे झालेले तेल लावून भोकांच्या कडांवरून फिरवावे, म्हणजे प्रत्येक भोकाचे वर्तुळ कागदावर स्वच्छ उमटते. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, पुठ्ठा बोल्टवर बसवून पाहावा आणि खात्री झाल्यावरच पत्र्यावर रेघ ओढावी. पुठ्ठ्यावर घालवलेला एक तास पुढे ग्राइंडरचे दोन दिवस वाचवतो. ब्लॉकला टेकणारी प्लेट ६ मिमी जाड, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री जिला दोन सुताची प्लेट म्हणतात तशी घ्यावी, तर हात ५ मिमीचे चालतात. हात आणि प्लेट यांच्या कोनात त्रिकोणी आधारपट्टी द्यावी आणि तिचे टोकदार कोपरे कापून टाकावेत, कारण चीर नेहमी टोकदार कोपऱ्यापासून सुरू होते. एका बाजूची भोके १० मिमी लांबट ठेवली तर शेवटी इंजिन पुढे-मागे थोडे सरकवता येते.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही आणि तिचे पुढचे रेल पातळ पत्र्याच्या पेटीसारखे आहेत. त्यांच्यावर थेट बोल्ट आवळला तर पत्रा आत दबतो आणि काही महिन्यांत बोल्ट ढिला होतो. म्हणून रेलच्या आरपार पोलादी नळी घालून ती दोन्ही बाजूंना वेल्ड करावी आणि बोल्ट त्या नळीतून न्यावा. ब्रॅकेट ज्या जागी बसेल तिथे गोल कोपऱ्यांची ३ मिमीची पसरट प्लेट लावून भार मोठ्या क्षेत्रावर वाटावा. रेलला गंज असेल तर तो भाग कापून नवा घालणे हे या सगळ्याच्या आधीचे काम आहे, त्यात सवलत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्टची पकड त्याच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल असावी, म्हणजे १० मिमीचा बोल्ट १५ ते २० मिमी आत गेला पाहिजे. आटे खराब असतील तर तारेच्या स्प्रिंगचे नवे आटे बसवून घ्यावेत.

ब्रॅकेट गाडीवर फक्त टॅक करावे, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने तात्पुरते चिकटवावे. चार कोपऱ्यांवर चार टॅक मारून ते काढावे, जाड सपाट प्लेटवर बोल्टने आवळावे आणि तिथे पूर्ण वेल्ड करावे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि उघडा ब्रॅकेट सहज एक-दोन मिलिमीटर आत ओढला जातो, म्हणून एका बाजूला थोडे, मग समोरच्या बाजूला थोडे असे करत जावे आणि जॉब आपोआप थंड होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतू नये. गाडीवर टॅक करताना बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून ठेवावेत आणि रबराच्या जागी तेवढ्याच उंचीचा पोलादी तुकडा लावावा, अन्यथा उष्णतेने रबर सुटते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर कधीही वेल्ड करू नये, कारण त्याच्या वाफेपासून आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्टही घासून किंवा काढूनच वेल्ड करावेत.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ आणि मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे. मार्ग दोन आहेत: नळ्या ब्लॉकला चिकटून खाली नेणे, किंवा १९९० च्या दशकातल्या एमजी आरव्ही-८ प्रमाणे आतल्या पत्र्यातून बाहेर काढून चाकाच्या कमानीतून खाली नेणे. दुसऱ्या मार्गात इंजिनाजवळची उष्णता पुष्कळ कमी होते आणि स्टिअरिंगचा दांडा मोकळा राहतो, म्हणून तो मी पसंत करतो, जरी त्यासाठी पत्र्यात खिडकी कापून तिच्या कडा मजबूत कराव्या लागतात. फ्लँज, म्हणजे हेडला बोल्टने बसणारी पट्टी, १० मिमीच्या पोलादाची, गॅस्केट समोर ठेवून कापून घ्यावी. प्राथमिक नळ्या ३८ मिमी बाह्य व्यासाच्या, १.६ मिमी जाडीच्या आणि सुरकुती न पडता वाकवलेल्या घ्याव्यात. वेल्डिंगच्या मऊ तारेने आधी प्रत्येक नळीचा मार्ग वाकवून पाहावा. सर्वांत अडचणीची नळी, म्हणजे बहुधा बल्कहेडजवळची (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीजवळची), प्रथम बसवावी आणि मोकळ्या जागेतल्या नळ्या मागून. प्रत्येक टॅकनंतर त्या बाजूच्या सर्व बोल्टवर पाना फिरतो का आणि स्पार्क प्लग निघतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जो बोल्ट आज हाताला लागत नाही तो चार वर्षांनी गॅस्केट बदलताना अजिबात लागणार नाही.

पूर्ण वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जुन्या हेडवर किंवा जाड प्लेटवर आवळून ठेवावी, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. थंड झाल्यावर सरळ पट्टी लावून पाहावी आणि फीलर गेजचे ०.२ मिमीचे पान खाली शिरत असेल तर ती मशिनवर सपाट करून घ्यावी. स्टेनलेसच्या नळ्या असतील तर टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा, अन्यथा आतल्या बाजूला वेल्ड जळून खरबरीत होतो. चारही नळ्या एकत्र येतात त्यापुढे लवचिक जोड द्यावा, कारण इंजिन रबरावर डोलते आणि सायलेन्सरची नळी बॉडीला टांगलेली असते.

गिअरबॉक्सचा आडवा पट्टा तुलनेने सोपा आहे. तो बोल्टने निघणारा असावा आणि त्याच्या माउंटखाली वॉशर घालून उंची कमीजास्त करता यावी, कारण प्रॉप शाफ्टचे कोन इथेच जुळतात. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन (प्रॉप शाफ्टला जोडला जाणारा दातेरी दांडा) या दोन रेषा, बाजूने आणि वरूनही पाहता, परस्परांना समांतर हव्यात. त्या एकाच रेषेत असण्याची गरज नाही, उलट प्रॉप शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटवर (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यावर) १ ते ३ अंशांचा कोन असावा, म्हणजे त्यातील बेअरिंगच्या सुया फिरत राहतात आणि एकाच जागी खड्डे पाडत नाहीत. पुढचा कोन मागच्या कोनाएवढा असला, की एका जॉइंटने निर्माण केलेला गतीतला चढउतार दुसरा जॉइंट नाहीसा करतो. प्रॉप शाफ्टची लांबी सस्पेन्शनवर भार असतानाच मोजावी आणि सरकणारा जोड पूर्ण आत जाण्याआधी सुमारे २५ मिमी जागा ठेवावी.

शाफ्ट स्वतः कापून वेल्ड करू नये. तो माप देऊन या कामाच्या दुकानातून बनवून आणि बॅलन्स करून घ्यावा. स्टिअरिंगच्या दांड्यावरही घरी वेल्ड करू नये. तिथे आट्यांचे किंवा खाचांचे तयार युनिव्हर्सल जॉइंटच वापरावेत.

ब्रिटनमध्ये इंजिनाचा क्रमांक आणि क्षमता बदलल्यावर डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेला आणि विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणीकर्त्या अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, म्हणून तिथे जुन्या गाडीवर हे काम करणाऱ्याने पहिला बोल्ट सोडण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

सर्व भाग बसल्यावर ते पुन्हा काढून स्वच्छ करावेत आणि ब्रॅकेटना काळ्याऐवजी फिकट राखाडी रंगाचा पातळ हात द्यावा. जाड काळ्या रंगाखाली चीर लपते, फिकट पातळ रंगावर ती केसाएवढी असतानाच गंजाच्या तांबूस रेघेच्या रूपाने दिसते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर गाडी उचलून प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून पाहावा, मॅनिफोल्ड आणि पत्रा यांच्यात कुठे घासल्याची चमक आली आहे का ते टॉर्चने तपासावे, आणि वेल्डच्या कडेला तांबूस रेघ दिसली तर त्यावर नुसता नवा वेल्ड न चढवता तो भाग काढून, चीर तळापर्यंत घासून, मग पुन्हा भरावा.