घरच्या व्यायामासाठी बेंच घेताय? या चुका टाळा

बेंच घरात आल्यावर मला फोन येतो. घेण्याआधी कुणीच विचारत नाही. कोल्हापुरात घरोघरी जाऊन बायकांना व्यायाम शिकवते, आणि त्याच त्या चुका निस्तरून आता खरंच कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उंची न मोजणं. रंग बघतात, घडी होते का बघतात, ऑफर बघतात. जमिनीपासून गादीपर्यंत किती उंची, हे मात्र कुणी बघत नाही. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती ४२ ते ४५ सेंटिमीटर आहे. पाठ वर-खाली होणारे बरेच बेंच जाड गादीमुळे याहून उंच भरतात. पाच फुटांच्या बाईच्या टाचा मग अधांतरीच राहतात.

राजारामपुरीतल्या एका वहिनींनी असाच बेंच ऑनलाइन मागवला आणि थोड्याच दिवसांत कंबर धरून बसल्या. वजन जास्त झालं असं वाटून त्यांनी दहाचे डंबेल ठेवून पाचचे घेतले, तरी दुखणं तसंच. सासूबाईंनी तर निकालच दिला, "वजनं उचलणं बाईमाणसाचं काम न्हवं." मी गेले आणि त्यांना हातात काही न देता नुसतं आडवं व्हायला सांगितलं. पायांची फक्त बोटं टेकत होती, आणि जमीन गाठायच्या धडपडीत कंबरेची कमान झाली होती. डंबेलचा काही दोष नव्हता. स्वयंपाकघरातले जेवायचे दोन पाट मागवले, खाली रबरी मॅट टाकली आणि पावलं पाटांवर पूर्ण टेकवली. कंबर तिथल्या तिथं सैल पडली. पुढच्या वेळी दहाचे डंबेल परत निघाले.

म्हणून खरेदीआधी खुर्चीवर ताठ बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत टेपनं मोजा. बेंच त्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटरहून जास्त उंच असेल तर मी तो घेऊ देत नाही. घेऊन झाला असेल तर पाट आहेतच. हिप थ्रस्टलाही, म्हणजे पाठीचा वरचा भाग बेंचला टेकवून कंबर वर उचलायच्या व्यायामालाही, ठेंगणा बेंचच बरा. तो भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर मागं सरकतो.

दुसरी चूक, दहा कामं करणारा बेंच. पाय उचलायचे रोलर, रबरी दोऱ्या, दंडासाठी वेगळी गादी, आणि हे सगळं हलक्या पाइपवर. यातलं काहीच नीट होत नाही आणि बेंच डुगडुगतो. घरच्या व्यायामाला बेंचची पाठ सपाट व्हावी, ३० आणि ४५ अंशांवर पक्की थांबावी आणि बसायची गादीही थोडी उचलली जावी, एवढं पुरे. बसायची गादी उचलली गेली नाही तर तिरक्या बेंचवरनं माणूस घसरत राहतो. "तीनशे किलो पेलतो" यावर भाळू नका. त्या आकड्यात तुमचं वजनही धरलेलं असतं, आणि साठ किलोची बाई दहा-दहाचे डंबेल घेऊन ऐंशीच होते. आकड्यापेक्षा जोड तपासा. पाठ तिरकी करून वरचं टोक दोन्ही हातांनी हलवा. खडखडलं तर परत करा. शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग कळणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच, त्याला सोबत न्या.

बेंचची पाठ अडकवून धरणारी खटक्याची पिन पूर्ण बसल्याशिवाय आडवं होऊ नका. अर्धवट बसलेली पिन वजन डोक्यावर असताना निसटते. मी दर वेळी आडवं होण्याआधी बेंचच्या पाठीवर तळहातानं जोरात दाबून बघते.

दोन गाद्यांमधली फट कंबरेखाली येत असेल तर तो बेंच नको. डिक्लाइनसाठी, म्हणजे डोक्याकडची बाजू खाली उतरती होण्यासाठी, जादा पैसे घालू नका. "लेडीज" म्हणून विकला जाणारा गुलाबी बेंच बहुतेकदा फक्त अरुंद आणि हलका असतो.

आणि घाई. तालमीत नवीन पोराला आधी जोर-बैठका काढायला लावतात. पण इथं व्यायामाच्या पहिल्याच दिवशी बेंच पाहिजे असतो! महिनाभर खुर्चीवर उठबस करा, भिंतीला हात लावून जोर काढा. त्यात टिकलात की मग दुकानात जा.

पावसाळ्यात बेंच गॅलरीत ठेवू नका, नटबोल्ट गंजतात आणि रेक्झिनला बुरशी धरते. व्यायाम झाला की घाम कोरड्या फडक्यानं पुसा, आणि महिन्यातनं एकदा पाना घेऊन सगळे बोल्ट आवळा.