सुपर बोल जिंकणारी टीम खरंच भारी आहे का, हे मॅच बघताना कसं ओळखायचं

एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची लीग, सुपर बोल ही तिची फायनल) मॅच लावली की डोळे आपोआप बॉलमागे पळतात, आणि बॉल बहुतेक वेळ क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातात असतो म्हणून सगळी चर्चाही त्याच्याचपाशी येऊन थांबते. टीम जिंकली की तो ग्रेट, हरली की तो संपला. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली आणि खेळ अर्धाच कळला. एखादी टीम नुसती जिंकत नाही तर समोरच्याला उभंसुद्धा राहू देत नाही, हे कशामुळे होतं ते समजून घ्यायचं असेल तर आधी ही सवय मोडायची. पुढच्या मॅचला करून बघा, स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू झाला, की पहिले दोन-तीन सेकंद बॉलकडे अजिबात बघायचं नाही, मधल्या पाच जणांकडे बघायचं.

हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकाला टॅकल. बहुतेकांचं वजन 135 किलोच्या वर. सेंटर सोडला तर बाकीचे चौघं अख्ख्या मॅचमध्ये बॉलला हातसुद्धा लावत नाहीत, आणि तरी माझं ठाम मत आहे की चॅम्पियन टीम इथेच बनते. बघायचं एवढंच की धडक झाल्यावर माणसांची रांग कुठल्या दिशेला सरकली. रनच्या प्लेला ती दोन यार्ड पुढे सरकत असेल तर रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, कोणीही असो, त्याला पळायला वाट मिळणारच. पासच्या प्लेला क्वार्टरबॅकभोवतीचं कडं तीन सेकंद टिकतंय का ते बघा. टिकलं तर साधा क्वार्टरबॅकही चांगला दिसतो आणि नाही टिकलं तर जगातला सगळ्यात चांगलाही जीव वाचवत पळत सुटतो.

याचं कॅन्सस सिटी चीफ्सपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये त्यांचे नेहमीचे दोन्ही टॅकल जखमी होऊन बाहेर होते, समोरच्या टॅम्पा बेने त्यांच्या क्वार्टरबॅकला, पॅट्रिक महोम्सला, सबंध मॅचभर पळवला आणि चीफ्सना एकही टचडाउन मिळाला नाही, 31-9 हरले. महोम्स तोच होता, कोच अँडी रीड तोच होता. मग त्यांनी काय केलं तर काही महिन्यांत पाचही जण बदलले, जो थुनीला पैसे मोजून आणलं, ऑर्लँडो ब्राउनला ट्रेड करून घेतलं, ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड, जास्त नावाजलेले आधीच्या राउंडला जातात) दुसऱ्या राउंडला क्रीड हम्फ्री आणि सहाव्या राउंडला ट्रे स्मिथ उचलला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2023 च्या फायनलमध्ये, समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते ज्यांनी त्या रेग्युलर सीझनमध्ये (बादफेरीच्या आधीच्या मॅचमध्ये) 70 सॅक केले होते, म्हणजे पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं होतं, आणि त्या मॅचमध्ये महोम्सला एकदाही सॅक करता आलं नाही. 38-35, चीफ्स जिंकले.

जुनं उदाहरण हवं तर वॉशिंग्टन घ्या. जो गिब्स कोच असताना त्यांनी तीन सुपर बोल जिंकले आणि तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळा, आधी जो थाइसमन, मग डग विल्यम्स, मग मार्क रिपीन. लाइनला लोक प्रेमाने 'हॉग्स' (डुकरं) म्हणायचे. 1991 च्या रेग्युलर सीझनमध्ये 16 मॅचमध्ये मिळून त्या टीमने फक्त 9 सॅक होऊ दिले, हा आकडा आजही वाचला की मला थक्क व्हायला होतं.

आता बॉलच्या पलीकडच्या बाजूला या. डिफेन्स बघताना एकच गोष्ट मोजायची, क्वार्टरबॅकवर किती जण धावून गेले. डिफेन्सचे अकरा असतात. चारच जण जाऊन त्याला गाठत असतील तर मागे सात जण रिसीव्हर्सना (पास झेलणाऱ्यांना) झाकायला मोकळे राहतात, म्हणजे टाकायचा कुठे हा प्रश्न पडतो आणि विचार करायला वेळही मिळत नाही. पाचवा-सहावा माणूस पाठवावा लागला, म्हणजे ब्लिट्झ करावा लागला, की मागे भगदाड पडतं आणि हुशार क्वार्टरबॅक ते बरोब्बर शोधून काढतो. 2007 च्या पेट्रिअट्सने रेग्युलर सीझनच्या 16 च्या 16 मॅच जिंकल्या, 589 पॉइंट केले, टॉम ब्रेडीने 50 टचडाउन पास टाकले, आणि फायनलमध्ये 10 जिंकून 6 हरलेल्या जायंट्सने त्यांना 14 वर रोखून हरवलं. मुख्य काम स्ट्राहन, टक, उमेनयोरा या पुढच्या फळीचं, ब्रेडी पाच वेळा सॅक झाला. फेब्रुवारी 2025 ला ईगल्सने तर कमालच केली, संपूर्ण फायनलमध्ये एकही ब्लिट्झ नाही आणि तरी महोम्सचे सहा सॅक, हाफटाइमला 24-0 आणि पुढे तर 34-0 झालं होतं!

पण हा काही दगडावरचा नियम नाही. 1985 चे शिकागो बेअर्स बरोब्बर उलटे खेळायचे, त्यांच्या डिफेन्सचा कोच बडी रायन याचा '46' डिफेन्स म्हणजे समोरच्याला कळायच्या आत चहूबाजूंनी माणसं अंगावर. प्लेऑफमध्ये (बादफेरीत) जायंट्सना 21-0, रॅम्सना 24-0, आणि मग फायनलला पेट्रिअट्सना 46-10. त्या फायनलमध्ये पेट्रिअट्सचे रनचे यार्ड होते एकूण 7. तेव्हा पद्धत कुठलीही चालते, मुद्दा हा की समोरच्या क्वार्टरबॅकला शांतपणे उभं राहता येतंय की नाही.

मॅच बघून झाली की टेबल उघडा, पण जिंकल्या-हरल्याचा कॉलम बघून फसू नका, त्याऐवजी केलेले पॉइंट वजा दिलेले पॉइंट बघा. 2024 मध्ये चीफ्स 15-2 होते आणि ईगल्स 14-3, म्हणजे वरवर चीफ्स सरस. पण चीफ्सचा फरक होता फक्त 59 पॉइंटचा, 385 केले आणि 326 दिले, तर ईगल्सचा 160 चा. चीफ्स कितीतरी मॅच अगदी शेवटच्या क्षणी थोडक्यात सुटले होते. त्याला मी कमी लेखत नाही, दडपणाखाली जिंकणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, पण भारी टीम आणि जिंकणारी टीम यात फरक असतो आणि फेब्रुवारी 2025 च्या त्या फायनलला तो ईगल्सच्या बाजूने 40-22 असा सगळ्यांना दिसला.

टर्नओव्हर वेगळे मोजा, किती वेळा बॉल हिसकावला आणि किती वेळा गमावला. फक्त एक लक्षात ठेवा, सुटलेला बॉल कसा उडेल आणि कोणाच्या हाताला लागेल यात नशीब असतं, त्यामुळे टर्नओव्हर कुठून आला हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. 2013 चे सीहॉक्स यात लीगमध्ये पहिले होते, गमावले त्यापेक्षा 20 जास्त मिळवले, आणि फायनलला समोर डेन्व्हर ब्रॉन्कोस, ज्यांनी त्या सीझनला 606 पॉइंटचा रेकॉर्ड केला होता. निकाल 43-8! त्यात माल्कम स्मिथने बॉल पकडून 69 यार्ड पळून जो टचडाउन केला तो रिप्ले करून नीट बघा, डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग थ्रो करतोय आणि नेमका त्याच क्षणी सीहॉक्सचा क्लिफ एव्ह्रिल येऊन त्याच्या हाताला धडकतो, म्हणून बॉल वर उडतो. इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) स्मिथच्या नावावर लागलं पण ते तयार केलं पुढच्या फळीने.

आणि हा एव्ह्रिल टीमला परवडला कसा, हे कळल्याशिवाय एनएफएल कळत नाही. 1994 पासून सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा, आहे, 2024 ला प्रत्येक टीमची मर्यादा 25.54 कोटी डॉलर होती, मालक कितीही श्रीमंत असला तरी सगळे स्टार विकत घेता येत नाहीत. सीहॉक्सचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन तिसऱ्या राउंडचा, रिचर्ड शर्मन आणि कॅम चॅन्सलर पाचव्या राउंडचे, म्हणजे सगळे सुरुवातीच्या स्वस्त कॉन्ट्रॅक्टवर, म्हणून एव्ह्रिल आणि मायकल बेनेटला 2013 ला बाहेरून आणायला पैसे उरले. तेव्हा कुठल्याही टीमचा अंदाज बांधताना विचारा की क्वार्टरबॅकचा पगार किती आणि ड्राफ्टच्या मागच्या राउंडमधून आलेले किती जण पहिल्या अकरात खेळतात. ईगल्सचा जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा, 2018 ला सातव्या राउंडला घेतला आणि त्याला घडवून लेफ्ट टॅकल केला.

बदली खेळाडूंकडेही लक्ष द्या. 53 जणांची टीम आणि आता 17 मॅचचा रेग्युलर सीझन, कोणीतरी जखमी होणारच. 1972 चे डॉल्फिन्स सुपर बोलसकट 17-0 गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्याच्या सगळ्या मॅच जिंकून एनएफएल चॅम्पियन झालेली आजवरची एकमेव टीम, पण त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्याच मॅचला पायाचं हाड मोडून बाहेर गेला होता आणि बराचसा सीझन 38 वर्षांच्या अर्ल मॉरलने खेचला. कोच डॉन शुलाच्या त्या टीमला रन करायला लाइन होती, त्यामुळे मॉरलला चमत्कार करायची गरजच पडली नाही.

शेवटचं बघायचं ते प्लॅन बी. ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली याने 2024 च्या रेग्युलर सीझनला 2005 यार्ड पळून काढले, म्हणून फायनलला चीफ्सनी सगळी ताकद त्यालाच अडवायला लावली आणि अडवलंही, 25 वेळा पळून फक्त 57 यार्ड. साध्या टीमचं तिथेच संपलं असतं. ईगल्सचा जेलन हर्ट्स मग पास टाकत बसला, डेव्होंटा स्मिथला 46 यार्डांचा टचडाउन टाकला आणि एमव्हीपी (मॅचमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) घेऊन गेला.

सुरुवात हीच मॅच पुन्हा बघून करा. पहिला हाफ दोनदा बघायचा, एकदा फक्त ईगल्सचे पुढचे चार जण आणि एकदा फक्त चीफ्सचा लेफ्ट टॅकल, तिथे जो थुनी उभा आहे, जो मुळात गार्ड आहे, नेहमीचा टॅकल कोणी टिकला नाही म्हणून त्याला टोकाला ढकललाय, आणि त्याच्या जागेवर गार्डला दुसराच कोणी. स्कोअरबोर्ड झाकून ठेवला तरी तिथेच कळतं मॅच कुठे चालली आहे ते.