वाढत्या जीवाणूंमधला एटीपी मोजायचाय? आधी नमुना सांभाळा

एमएस्सीच्या प्रकल्पाला एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मोजायचा ठरलं की बहुतेकांना ल्युमिनोमीटरची, म्हणजे अंधूक प्रकाश मोजणाऱ्या यंत्राची, काळजी लागते. यंत्र सहसा फसवत नाही. आकडे बिघडतात ते फ्लास्कमधून नमुना उचलल्यापासून तो पेशींचं काम जागच्या जागी थांबवणाऱ्या आम्लात पडेपर्यंत. जोमाने वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये एटीपीचा सगळा साठा काही सेकंदांत खर्च होतो आणि पुन्हा भरतो. त्यामुळे पेशी आधी सेंट्रिफ्यूज करून, धुऊन मग एटीपी काढणं इथे साफ चूक आहे. तळाशी दाटलेल्या पेशींना ना हवा मिळते ना साखर. मग मोजला जातो तो उपासमारीतला एटीपी, वाढीतला नाही.

माध्यम म्हणून ०.४ टक्के ग्लुकोज घातलेलं एम-९ (ठरावीक क्षारांचं साधं माध्यम) घ्या. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.३ च्या आसपासच वाढीचा वेग बदलू लागतो, आणि तो बदल एटीपीचा समजून प्रबंधात लिहिला जातो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ ते ५० मिलीच कल्चर, ३७ अंश, २०० आरपीएम. सुरुवात ओडी ०.०२ पासून करा, म्हणजे नमुन्यापर्यंत निदान तीन-चार पिढ्या होतील.

१० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात ४ मिलीमोलर ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) घालून त्याचे अर्धा-अर्धा मिली भाग ट्यूबमध्ये भरा आणि बर्फात ठेवा. आम्ल कातडी भाजतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. ही बर्फाची पेटी शेकरच्या शेजारीच असावी, दुसऱ्या खोलीत नको. अर्धा मिली कल्चर थेट आम्लात सोडा, लगेच दहा सेकंद व्हॉर्टेक्स करा, मग दहा मिनिटं बर्फात. ओडीसाठी वेगळा नमुना नंतर काढा. आधी ओडी वाचत बसलात तर शेकर थांबलेला आणि हवा तुटलेली.

मोजताना २० मायक्रोलिटर अर्क, ८८० मायक्रोलिटर ट्रिस-ॲसिटेट बफर (०.१ मोलर, पीएच ७.७५, २ मिलीमोलर ईडीटीए) आणि १०० मायक्रोलिटर ल्युसिफेरिन-ल्युसिफरेज (एटीपी मिळाला की प्रकाश देणारी काजव्याची जोडी). अर्क इतका विरळ करायचा कारण आम्ल ल्युसिफरेजला दाबतं. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय प्रकाश नाही, म्हणून अभिक्रियेत ते ईडीटीएपेक्षा भरपूर जास्त हवं. वाचन झाल्यावर त्याच ट्यूबमध्ये १ मायक्रोमोलर एटीपीचे १० मायक्रोलिटर टाका. प्रकाश जितका वाढला तो साधारण १० नॅनोमोलरचा. ही पायरी वेळखाऊ वाटते, पण वगळू नका: त्या नमुन्यात प्रकाश किती दबला हे फक्त यातूनच कळतं. प्रमाणित एटीपीची तीव्रता डबीवरच्या वजनावर सोडू नका. २५९ नॅनोमीटरला शोषण वाचा, मोलर शोषण गुणांक १५,४००.

हिशेब असा: ओडी ०.५ ला १२ नॅनोमोलर आलं, तर ५० पट आणि २ पट विरळणी धरून कल्चरमध्ये १.२ मायक्रोमोलर. त्या ओडीला मिलीत अंदाजे ४ × १०^८ पेशी, पेशीचं आकारमान सुमारे १ फेम्टोलिटर. म्हणजे पेशीत ३ मिलीमोलर. ई. कोलायसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. ०.३ आला तर जीवाणूला दोष देण्याआधी नमुना कसा काढला ते तपासा. थोडं कल्चर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून बाहेरचा एटीपीही मोजा आणि वजा करा.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातल्या वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत पारा सहज पस्तिशीपार जातो. ल्युसिफरेजला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, जास्त उष्णतेत ते मरगळतं, आणि पहिल्या-शेवटच्या ट्यूबमध्ये फरक दिसतो तो जीवाणूंचा नसतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर मोजा, प्रमाणित ट्यूब सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे लावा. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या डिस्टिलरमध्ये क्षार साचतात; पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं घ्या. बोटांच्या घामातही एटीपी असतो, तेव्हा टिपच्या टोकाला हात नको.

बीड, हिंगोली किंवा धाराशिवच्या महाविद्यालयात ल्युमिनोमीटर नसेल, तर अर्क थर्मोकोलच्या डब्यात घालून बसने विद्यापीठात नेऊ नका. आम्लात एटीपी हळूहळू तुटतो. स्लँट (ट्यूबमधल्या तिरप्या आगरवर वाढवलेले जीवाणू) न्या आणि कल्चर यंत्राजवळच वाढवा.

तूर-सोयाबीनच्या गाठींमधला रायझोबियम घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मॅनिटॉलच्या माध्यमात तो चिकट बहुशर्करा सोडतो. तिथे ओडीवरून पेशी मोजणं भरवशाचं नाही, एटीपी प्रथिनांच्या मिलीग्रॅममागे सांगा.

नुसता एटीपी पुरेसा नसेल तर एडीपी आणि एएमपीही (एटीपीतून फॉस्फेट गेल्यावर उरणारी रूपं) मोजावे लागतात. अर्क आम्लातून उदासीन करून एका भागात पायरुव्हेट कायनेज आणि फॉस्फोइनॉलपायरुव्हेट घालतात, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला ॲडेनिलेट कायनेज; म्हणजे पहिल्यात एडीपी आणि दुसऱ्यात एएमपीही एटीपी बनून मोजला जातो. ॲटकिन्सन यांचा ऊर्जाभार म्हणजे एटीपी अधिक अर्धा एडीपी, भागिले तिन्हींची बेरीज. वाढत्या पेशींत तो ०.८ ते ०.९५ असतो. फ्लास्क अजून धुसर होत चाललाय आणि तुमचा आकडा मात्र ०.५ आलाय, तर तो ट्यूबमध्ये घसरलाय, फ्लास्कमध्ये नाही.