इंग्रजीत बोलणं सौम्य करायचंय? या चुका टाळा

मराठीतला ‘जरा’ कुठेही खपतो. ‘जरा थांबा’, ‘आमटी जरा खारट झालीय’, ‘आज जरा बरं वाटतंय’. इंग्रजीत हेच काम करणारे शब्द पुढचा शब्द पाहून निवडावे लागतात. बहुतेक चुका तिथेच होतात.

‘अ बिट’ आणि ‘अ लिटल’ तक्रारीच्या विशेषणाआधी शोभतात: अ बिट सॉल्टी, अ बिट स्लो. ‘बरं आहे’ म्हणायला ‘इट इज अ बिट गुड’ लिहिलंत तर वाक्य फसलं. तिथे ‘फेअर्ली गुड’ हवं. तुलना असली तर ‘अ बिट बेटर’ बिनधास्त लिहा. पुढे नाम आलं तर ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ किंवा ‘अ स्लाइट प्रॉब्लेम’. ‘स्लाइटली प्रॉब्लेम’ होत नाही.

‘रिअली’ची जागा सर्वांत जास्त घात करते. ‘आय डोन्ट रिअली लाइक धिस डिझाइन’ म्हणजे डिझाइन फारसं आवडलं नाही. ‘आय रिअली डोन्ट लाइक धिस डिझाइन’ म्हणजे मुळीच आवडलं नाही. शब्द तेच, पण नकार आधी आला की धार बोथट होते, ‘रिअली’ आधी आला की धार चढते. ईमेल पाठवण्यापूर्वी एवढं एक ठिकाण तपासाच.

‘क्वाइट’ जपून वापरा. ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट गुड’ बऱ्याचदा ‘ठीक आहे’ इतपतच असतं, अमेरिकन माणसाला त्यात बऱ्यापैकी कौतुक ऐकू येतं. ‘इम्पॉसिबल’, ‘राइट’ अशा अधलंमधलं काही नसलेल्या विशेषणांआधी मात्र त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’ होतो, म्हणजे ‘क्वाइट इम्पॉसिबल’ने वाक्य उलट कडक होतं.

दोष सांगताना वाईट विशेषण सोडा, चांगल्यालाच नकार द्या. ‘द ड्राफ्ट इज बॅड’ऐवजी ‘द ड्राफ्ट इज नॉट व्हेरी क्लिअर’. ‘टू लाँग’ टोचत असेल तर आधी ‘अ बिट’ लावा: ‘अ बिट टू लाँग’. ‘अ बिट व्हेरी लाँग’ मात्र चालत नाही.

एका वाक्यात असा एकच शब्द पुरे. आणि चूक आपली असेल तेव्हा तोही नको. चाळीस मिनिटं उशीर झाल्यावर ‘सॉरी, आय वॉज अ बिट लेट’ हे अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. सरळ ‘सॉरी, आय वॉज फॉर्टी मिनिट्स लेट’ लिहा.