डेट्रॉइट नदीतील वॉलाय : एप्रिलमध्ये कुटुंबासह होडीतून मासेमारी कशी करावी

बर्फ वितळल्यानंतर ईरी सरोवरातील वॉलाय मासे अंडी घालण्यासाठी मोठ्या संख्येने डेट्रॉइट नदीत चढतात. पाणी ५ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हा काळ ऐन भरात असतो, आणि मिशिगनच्या बाजूला या नदीत वॉलाय वर्षभर धरता येत असल्याने डेट्रॉइट परिसरातील मराठी कुटुंबांनाही ही संधी घराजवळच मिळते. तथापि बाहेर कितीही छान ऊन पडलेले असले, तरी या सहलीचा प्रत्येक निर्णय पाण्याच्या थंडीकडे पाहूनच घ्यावा.

इतक्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच अनावर होतो आणि सुमारे दहा मिनिटांत हातपाय चालेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नसतो. म्हणून होडीत पाऊल टाकण्याआधीच लहानथोर सर्वांनी आपापल्या मापाचे लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळावेत. सहा वर्षांखालील मुलांना उघड्या डेकवर ते घालणे मिशिगनच्या कायद्याने बंधनकारकच आहे. प्रत्येकासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड घट्ट बंद पिशवीत सोबत ठेवावा. मुले बरोबर असताना दोन-तीन तासांत परतावे, कारण गारठलेले मूल पुन्हा नदीवर यायला तयार होत नाही.

सतरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला मिशिगनचा परवाना लागतो, आणि मागील हंगामाचा परवाना ३१ मार्चला संपतो, हे एप्रिलमध्ये विशेष लक्षात ठेवावे. नदीच्या मधून कॅनडाची सीमा जाते. ती ओलांडून गळ टाकायचा असेल, तर ऑन्टारिओचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. मिशिगनच्या बाजूला दररोज माणशी ६ मासे आणि किमान १३ इंच लांबी, अशी मर्यादा आहे. तरीही निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहून घ्यावेत.

नवख्यांनी ट्रेंटनच्या एलिझाबेथ पार्कजवळून होडी पाण्यात सोडून ग्रोस ईल बेटाच्या पश्चिमेकडील ट्रेंटन चॅनेलमध्ये मासेमारी करावी, कारण मोठी मालवाहू जहाजे प्रामुख्याने बेटाच्या पूर्वेकडून जातात. वॉलायला अंधुक प्रकाशात उत्तम दिसते. मात्र वसंतात पाणी थोडे गढूळ असल्याने तो भर दिवसाही आमिष घेतो, त्यामुळे मुलांना पहाटे उठवण्याची गरज नाही. वादळी वाऱ्यानंतर पाणी चहासारखे झाले असेल, तर मात्र बेत पुढे ढकलणेच योग्य.

आता मुख्य कौशल्याकडे वळू. थंड पाण्यात वॉलाय भक्ष्यामागे धावत नाही. तो तळाशी राहतो आणि तोंडासमोर आलेलेच घेतो. त्यामुळे दोरी उभी, सरळ खाली राहिली पाहिजे. होडीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या इलेक्ट्रिक मोटरने तिला सावरत प्रवाहाच्याच वेगाने खाली वाहू द्यावे. दोरी तिरकी होऊ लागली की ज्या बाजूला ती झुकते, त्या बाजूला होडी सरकवावी. हे काम एका जाणत्या माणसाकडेच असावे, आणि त्याने त्या वेळी स्वतः गळ न धरलेलाच बरा. गळासाठी १८ ते २८ ग्रॅमचे जिग, म्हणजे शिशाचे वजन असलेला आकडा, घ्यावे व त्याला रबरी अळी किंवा छोटा मासा लावावा. जिग तळाला टेकल्याची ‘टक्’ हाताला जाणवली की ते वीतभर उचलावे आणि दोरी सैल न सोडता सावकाश खाली न्यावे. मासा बहुधा जिग खाली जाताना तोंड घालतो. पुढच्या वेळी उचलताना नुसता जडपणा लागतो. मुलांना नेमका हाच जडपणा ओळखायला शिकवावे आणि तो लागताच काठी ठामपणे वर उचलायला सांगावे.

मासा हातजाळ्यात घेतल्यावर त्याच्या तोंडात बोट घालू नये, दात अणकुचीदार असतात. गळ पकडीने काढावा. गाभोळीने भरलेली मोठी मादी ओल्या हातांनी धरून लगेच पाण्यात सोडावी. खाण्यासाठी लहान नर ठेवावेत. त्यांचे मांस पांढरे व सौम्य चवीचे असते आणि रवा लावून तळल्यावर फार छान लागते. या नदीतील मासा किती वेळा खावा, याविषयी मिशिगनच्या आरोग्य विभागाच्या सूचना आहेत. लहान मुले व गर्भवती स्त्रियांसाठी त्या आवर्जून वाचाव्यात. कातडी व चरबी काढून टाकल्याने काही रसायने कमी होतात, पण पारा मांसातच असल्याने तो त्याने जात नाही.